गोफणीचा दुसरा मालक

अमेरिकेहून आल्यापासून बार्शीत जो भेटतो तो विचारतो, "नायगारा बघितला का?" नाही बघितला. तो पुतळाही नाही, ती मोठी दरीही नाही. मी अमेरिकेत जाऊन एका माणसावर जळून आलो. बरं, तो माणूस अमेरिकनही नव्हता, मूळचा घानाचा होता. नुसतं जळायचंच होतं तर विमानाचं तिकीट कशाला काढलं, असं सुनंदा म्हणते. सुनंदा म्हणजे आमची बायको. तिचं म्हणणं खरं आहे. या बाबतीत मी स्वयंपूर्ण आहे, गल्लीतल्या गल्लीत माझं भागतं. पण इलिनॉयमधलं जळणं जरा वरच्या प्रतीचं होतं. ज्यांना तिकडं जायला जमणार नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

त्याआधी माझ्या गोष्टीबद्दल सांगायला हवं. मी पाटबंधारे खात्यात लिपिक आहे. पण नातेवाइकांत मी गोष्टी सांगणारा म्हणून ओळखला जातो. लग्नात जेवणानंतर पानं वाटतात आणि मला बोलायला बसवतात, निदान पूर्वी बसवत. आमचं मूळ गाव करमाळ्याकडचं, ज्वारीचं. लहानपणी ज्वारी निसवली, कणसं बाहेर आली, की पाखरं राखायला मी रानात उंच बांधलेल्या माळ्यावर उभा राहायचो, हातात गोफण. एकदा असा दगड सोडला की पाखरांचा अख्खा थवा उठला, आणि तोच दगड पुढं जाऊन बांधावरून चाललेल्या तलाठ्याच्या काळ्या छत्रीतून आरपार गेला. तलाठी छत्रीच्या भोकातून आभाळाकडं बघत राहिला. हीच ती गोष्ट.

आमची मुलगी मुक्ता लहानपणी ही गोष्ट ऐकताना मध्येच थांबवून विचारायची, "मग?" गोष्ट सांगणाऱ्याला पोटापाण्यापुरतं एवढंच लागतं. पण ती चौथीत गेली आणि 'मग?' बंद झालं. सहावीत ती म्हणाली, "बाबा, गोफण परत नको ना." पुढं ती पुण्याला शिकायला गेली, तिथून अमेरिकेला, पीएचडीला. मी अमेरिकेला निघालो तेव्हा बॅगेत भाजणी होती, मेतकूट होतं, आणि मनात एकच इच्छा होती: पोरीनं एकदा तरी म्हणावं, "मग?"

शॉमबर्ग

आम्हा दोघांचा पहिला मुक्काम शिकागोजवळ शॉमबर्गला, मेहुण्याकडं. विलास सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचं घर बघून मी जळलो, पण ते सरावातलं जळणं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एका छोट्या यंत्रावर राजासारखा बसून घरासमोरचं गवत कापत होता. कापलेलं गवत त्यानं पिशव्यांत भरलं आणि कचऱ्यात ठेवलं.

"हे कोणाला घालतोस?" मी विचारलं.

"कोणाला म्हणजे?"

"गाय, म्हैस, शेळी. कोणाला तरी."

"दाजी, कोणालाच नाही. फेकून देतो."

वाढवायचं, कापायचं, फेकायचं आणि पुन्हा वाढवायला खत घालायचं! सबंध सकाळ मी त्या पिशव्यांभोवती फिरत होतो. विलासची मुलगी खिडकीतून बघून बापाला म्हणाली, "डॅड, इज ही ओके?"

त्या संध्याकाळी विलासचे चार मित्र आले. एक नागपूरचा, एक ठाण्याचा, दोघं पुण्याचे. नवे कान बघून मी गोफण काढली. थवा उठला, दगड निघाला, आणि विलास म्हणाला, "दाजी, मागच्या वेळी छत्रीला भोक पडलं होतं, या वेळी तलाठ्यालाच का?" सगळे हसले. छत्रीपर्यंत पोचायच्या आतच गोष्ट संपली. घरच्याच माणसानं अशी गोष्ट मारली की तक्रार कुठं करणार?

मक्याच्या मुलखात

मुक्ताचं विद्यापीठ तिथून काही तासांवर आहे. विलासनं आम्हाला गाडीनं पोचवलं, मुक्ता न्यायला शॉमबर्गला आली होतीच. शिकागोचे फाटे संपले आणि मका सुरू झाला. डावीकडं मका, उजवीकडं मका, समोर जिथं आभाळ टेकतं तिथंही मका. ऑगस्टचा शेवट, तुरे आलेले, माणसाच्या डोक्यावरून उंच. सपाटी अशी की एवढ्या वाटेत एक टेकाड दिसलं नाही. पण मला वेगळंच काहीतरी खटकत होतं.

"माणसं कुठायत गं?" मी मुक्ताला विचारलं.

"कुठली माणसं?"

"शेतातली."

"नाहीत."

"भाकरी खायला गेली असतील."

"बाबा, नाहीतच. एवढ्या सगळ्याला एक फॅमिली पुरते. पेरायला मशीन, फवारायला मशीन, काढायला मशीन."

"आणि पाखरं?"

ती नुसती माझ्याकडं बघून 'आलं का गोफणीवर' असं हसली. मी मक्याकडं तोंड फिरवलं.

मग मी रीतसर चौकशी केली की तू नेमकं करतेस काय. बार्शीत मी लोकांना 'मुलगी शेतीत डॉक्टर होतेय' एवढंच सांगत असे. तिनं सांगितलं ते माझ्या भाषेत असं: आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या देशांत शेतावर काम करणारी माणसं काळानुसार कशी बदलत गेली, याचा ती अभ्यास करते.

"त्यात काय? कमी होत गेली असणार. जगात सगळीकडं तेच," मी म्हणालो.

"तितकं सोपं असतं तर मी परत नसते का आले? शंभरातली किती ते बघितलं तर बहुतेक देशांत कमी झालीत. पण डोकी मोजली तर कितीतरी ठिकाणी पूर्वीपेक्षा जास्त माणसं शेतात आहेत, कारण लोकसंख्याच वाढली. झांबियात तांब्याच्या खाणी मंदावल्या तेव्हा शहरातली माणसं परत गावाकडं गेली, म्हणजे आकडा उलटा फिरला. आणि काही ठिकाणी तर माणूस जागचा हललाच नाही, मोजायची पद्धत हलली. घरच्या खाण्यापुरतं पिकवणारी बाई पूर्वी 'शेतीत काम करते' अशी धरायचे. नव्या व्याख्येत तिचा रोजगार धरत नाहीत. ती तिथंच वाकून खुरपतेय, पण मोजणीतून गेली."

"आणि तुला खुरपणं कधी माहीत होतं?"

"म्हणूनच तर अंकल याकुबूंकडे जाते," ती म्हणाली. "ते सगळं इतकं भारी सांगतात ना बाबा. तासन्‌तास ऐकत बसते मी."

तासन्‌तास! सुनंदानं मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर हळूच हात ठेवला. तिला माझी प्रकृती माहीत आहे.

सामायिक बाग

गावाच्या कडेला नगरपालिकेची एक बाग आहे. तिथं चटईएवढे जमिनीचे तुकडे आखून लोकांना भाजीपाला लावायला देतात. एका तुकड्यात एक चिनी आजोबा दोडके चढवत होते, पलीकडं कोणी गोरी बाई फक्त सूर्यफुलं. आणि कोपऱ्यातला सगळ्यात हिरवा तुकडा अंकल याकुबूंचा.

हा माणूस दिसायलाही माझ्यापेक्षा बरा निघाला. उंच, ताठ, सत्तरीच्या पुढचा असून पोट नाही. उत्तर घानातल्या एका खेड्यात जन्मला. बाप कोरड्या दिवसांत दक्षिणेकडं कोकोच्या बागांत मजुरीला जायचा, पावसाला परत यायचा. हे स्वतः तरुणपणी शहरात जाऊन लॉरी चालवू लागले, आणि शेवटी या गावात येऊन निवृत्त होईपर्यंत बस चालवली. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा लांब टेक्सासला.

"अंकल, बाबांना ते सांगा ना," मुक्ता म्हणाली. "मी पहिल्यांदा तुम्हाला तुमचं काम विचारलं होतं ते."

"तिनं विचारलं, तुमचा व्यवसाय काय," याकुबू मला म्हणाले. त्यांचं इंग्रजी सावकाश, मला सगळं कळेल असं. "मी म्हणालो, शेतकरी. ती म्हणाली, पण तुम्ही तर बस चालवत होता. मी म्हणालो, हो, शेतकरी बस चालवत होता."

मुक्ता अशी हसली की मलाही हसावं लागलं. मनात मी म्हणालो, यात एवढं काय आहे.

"आता माझ्या गावात उलटं आहे," ते म्हणाले. "पोरं पेरणीला घरी येतात, राबतात, मळणीला पुन्हा येतात. पण काम विचारलं तर सांगतात, बिझनेस! माझा बाप कोकोच्या बागेत जन्म घालवून स्वतःला बाजरीवाला म्हणायचा. मोजणाऱ्यानं काय करावं?"

"हेच! हेच माझं अख्खं दुसरं प्रकरण आहे," मुक्ता म्हणाली आणि खाली मातीत बसली. फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. माझं बोलणं या मुलीनं कधी पाच मिनिटं सलग ऐकलं नाही, आणि इथं जपून ठेवणं चाललं होतं.

मग तो प्रसंग आला. याकुबूंनी ओंजळीएवढी भेंडी तोडून सुनंदाच्या ओढणीत टाकली आणि म्हणाले, "मी आठ-नऊ वर्षांचा असताना बाजरी पिकली की आम्हा पोरांना रानात उंच मचाण बांधून द्यायचे. पाखरं हाकायला. हातात दोरीची गोफण..."

माझ्या पायाखालची इलिनॉयची सपाट जमीन सरकली. ही माझी गोष्ट होती! माळा माझा, दोरी माझी. एक ज्वारीच्या जागी बाजरी, बाकी शब्दाला शब्द.

"एक दिवस सरकारचा शेती अधिकारी सायकलवरून आला," याकुबू म्हणाले. "डोक्यावर ती पांढरी टणक टोपी, साहेबांची. मी दगड सोडला..."

आणि मुक्ता, माझी मुक्ता, गुडघ्याला मिठी मारून पुढं झुकली आणि म्हणाली, "अँड देन?"

सुनंदा म्हणते, मी त्या क्षणी हातातली भेंडी कच्चीच खाल्ली. मला आठवत नाही.

जेवायला

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. बायको गेल्यावर याकुबू स्वयंपाक शिकले. मला चहा येतो, तोही दूध सुनंदानं काढून ठेवलं असेल तर. हा आणखी एक मुद्दा माझ्या विरुद्ध गेला.

त्यांनी मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा केला होता. आपल्या ज्वारीच्या उकडीसारखाच, पण मऊ, ताटलीत पालथा घातलेला. मोठ्या पातेल्यात उभं राहून लाकडी चाटूनं तो घोटतात. सुनंदानं त्यांच्या हातून चाटू घेतला आणि दोन वेळा फिरवून म्हणाली, "अहो, हे तर आपलंच आहे!" सोबत हिरव्या पाल्याची कालवण-भाजी, भेंडीसारखी बुळबुळीत, सुक्या मासळीची, आणि वर कसल्यातरी आंबवलेल्या बियांचा वास. पहिला घास घेताना मी धीर एकवटला. तिसऱ्या घासाला मी बोटं चाटत होतो, मग मत्सरानं थांबलो. हातानं खाणारा यजमान अमेरिकेत भेटणं म्हणजे खरं तर सणच.

"या पाल्याला आम्ही अयोयो म्हणतो. बी माझ्या बहिणीनं दिलं," याकुबू म्हणाले. "ते इथं कसं आलं ते विचारू नका. मी दरवर्षी बी धरतो. आणि हिवाळ्यात मुक्ता अभ्यासाला माझ्या गावी जाईल तेव्हा त्याच बहिणीच्या घरी राहील."

"शनिवारी अंकल आमच्या सगळ्या ग्रुपला अयोयो खिलवणार आहेत," मुक्ता म्हणाली. "प्रोफेसरपण येणार."

मी संधी बघून म्हणालो, "आमच्याकडं ज्वारी निसवली की..."

"बाबा," मुक्ता मराठीत म्हणाली, गोड आवाजात, "अंकल दमलेत, त्यांना जरा जेवू द्या ना."

मी घाटा गिळला.

शुक्रवार, बागेत

आता जे घडलं ते का घडलं हे मला नीट माहीत आहे. मला दाखवायचं होतं. तोंडानं जमत नाही तर हातानं. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, सुटीत आईच्या पातीला पात लावून खुरपलेलं आहे. बस चालवणारा शेतकरी असू शकतो, तर फायली हलवणारा का नाही?

सकाळी लवकर मी एकटाच बागेत गेलो. मुक्ताचं घर तिथून चालत जवळ होतं. मनात बेत असा की याकुबूंचा तुकडा खुरपून लख्ख करायचा, मग ते येतील, मुक्ता येईल, 'हे कोणी केलं?' म्हणतील, आणि मी कोपऱ्यात माती झटकत उभा असेन.

मिरच्या ओळखल्या, भेंडी ओळखली, वांगी ओळखली. आणि त्यांच्या पलीकडं, लाजच वाटली बघून, अख्खा वाफाभर तण! कमरेएवढं वाढलेलं, पिवळी बारीक फुलं, लांबट शेंगा. आमच्याकडं कोणी त्याला चुंच म्हणतं, कोणी नुसतंच तण. खरिपाच्या रानात डोळे मिटून उपटावं असं. मला आतून आनंद झाला. म्हातारा थकला, मी मनात म्हणालो, निम्मी बाग तणानं गेली तरी दिसत नाही त्याला.

मी ते तण असं काढलं की आई असती तर पाठीवर थाप मारली असती. एक मूळ मातीत ठेवलं नाही. झटकून, मुळं एका बाजूला करून, पेंढ्या बांधून बांधावर रचल्या. कंबर मोडली पण मन भरून आलं.

याकुबू आले, मागून मुक्ता, आणि सुनंदा. याकुबू मोकळ्या वाफ्यापाशी थांबले. मी माती झटकली.

मुक्ता धावत पेंढ्यांपाशी गेली.

"बाबा," मुक्ता म्हणाली, "हे काय केलंत?"

"तण काढलं."

"बाबा, तो अयोयो होता."

"कोण?"

"तुम्ही बोटं चाटून खाल्लात तो! तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला? उद्या जेवण आहे, यार! आणि अंकलचं बी! ते बी धरायला ठेवलं होतं, त्यांच्या बहिणीनं..." तिनं बाहीनं डोळे पुसले. "त्यांच्याच घरी राहायला जाणार आहे मी. काय तोंड दाखवू?"

सुनंदा माझ्याकडं बघत नव्हती. मी पेंढ्यांकडं बघत होतो. एका बाजूला लावलेली मुळं फार सुबक दिसत होती.

याकुबू खाली बसले. त्यांनी वाफ्यात बोटं घातली, माती उकरली, पुन्हा उकरली. मग माझ्याकडं मान वर केली.

"हे असं उपटायला कोणी शिकवलं?"

"आईनं," मी म्हणालो.

"एक मूळ तुटलं नाही," ते म्हणाले. "माझ्या आईनं माझ्या बहिणीचं लग्न तुझ्याशी लावलं असतं." आणि ते हसायला लागले, आधी खांद्यांतून, मग पोटातून. "मुक्ता, रडू नको. पाला जिवंत आहे, मेला नाही. पण ऊन चढायच्या आत निवडायला हवा. या शेंगा बघ, खालच्या वाळत आल्यात, मूठभर बी मिळेल. आणि हा शिक्षा म्हणून बसेल इथं. माझ्या आईचा नियम होता, ज्यानं पसारा केला त्यानं शेवटची काडी संपेपर्यंत उठायचं नाही."

भाजी निवडताना

चिनी आजोबांच्या दोडक्याच्या मांडवाखाली सावली होती. त्यांनी हातानंच 'बसा' म्हटलं. मध्ये पेंढ्या, भोवती आम्ही चौघं, मांडी घालून. पानं या पातेल्यात, वाळक्या शेंगा त्या रुमालात, देठं मागं. कुठल्याही देशात बसा, भाजी निवडायला बसलेली माणसं थोड्या वेळानं बोलायला लागतातच. फक्त मुक्ता बोलत नव्हती. टचाटच पानं खुडत होती.

"तुमच्याकडं हे खात नाहीत?" याकुबूंनी विचारलं.

"काही लोक खातात. आमच्या घरी नाही. ज्वारीत आलं की उपटायचं."

"ज्वारी? मग पाखरं?"

मी मुक्ताकडं बघितलं. ती खाली बघत म्हणाली, "बाबा, आत्ता गोफण नको हां. प्लीज."

"गोफण म्हणजे काय?" याकुबू म्हणाले.

बोलायची परवानगी नव्हती म्हणून मी सुनंदाची ओढणी घेतली, देठांची एक गुंडाळी केली, ओढणीच्या घडीत ठेवली, उठलो, डोक्यावरून दोनदा फिरवली आणि सोडली. गुंडाळी सूर्यफुलांत जाऊन पडली. चिनी आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

याकुबू उभेच राहिले. "ही तर माझी आहे!"

"ही माझी आहे!" मी म्हणालो. किती दिवस आवळून ठेवलं होतं. "माळा माझा, गोफण माझी, तुमचा तो सायकलवाला साहेब, तसा माझा तलाठी! छत्रीतून आरपार!"

"माझ्या साहेबाची टोपी उडाली. खाली पडली. त्यात शेळीनं तोंड घातलं."

"भोकातून आभाळाकडं बघत राहिला!"

आम्ही दोघं एकमेकांचे खांदे धरून हसत होतो. सुनंदा म्हणते, दोन म्हातारे बोकड दिसत होतो. मुक्ताच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, पण तिनं ते परत घेतलं.

मग याकुबू बसले, नवी पेंढी ओढली आणि सहज विचारलं, "तू ऑफिसात गेल्यावर त्या माळ्यावर कोण उभं राहिलं?"

माझी गोष्ट छत्रीला संपते. तिच्या पुढं मी कधी गेलोच नव्हतो, कोणी नेलं नव्हतं.

"थोरला भाऊ," मी म्हणालो. "मग तो पाण्याच्या मोटरीमागं लागला, तेव्हा वहिनी. शालन वहिनी. मांडीवर पोरगं घेऊन माळ्यावर उभी राहायची. मग ऊस आला. उसाला पाखरं येत नाहीत. माळा मोडला."

"आणि ते पोरगं?"

"महेश. पुण्यात मोटरसायकलवर लोकांच्या घरी पार्सलं पोचवतो. पेरणीला येतो, आठवडाभर. काम विचारलं तर सांगतो..." मी थांबलो. "सांगतो, लॉजिस्टिक्स."

याकुबूंनी मांडीवर थाप मारली.

"आणि वहिनी?" ते म्हणाले.

"वहिनी घरीच असते."

मुक्ताचे हात थांबले. तिनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं, ती चौथीत जायच्या आधी बघायची तसं, आणि म्हणाली, "मग?"

ऐकलंत? 'मग?' म्हणाली. एवढी वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते आलं, आणि माझ्याजवळ पुढं काहीच नव्हतं. रोज कुठं जाते वहिनी? खुरपायला अजून जाते का? ऊस तोडून गेल्यावर रान कोण बघतं? मी दिवाळीला जातो तेव्हा ती पुरणपोळी वाढते. तेवढी मला माहीत.

"मग काय, विचारतो ना," मी म्हणालो आणि फोन लावला. तिकडं रात्रीचे आठ-साडेआठ झाले असतील.

"हॅलो, कोण? भाऊजी?" वहिनीचा आवाज खणखणीत आला. मागं पाण्याचा आवाज, बेडकांचा आवाज. "कुठनं बोलताय? अमेरिकेतनं? जेवला का?"

"काकू, मी मुक्ता," मुक्तानं फोन हिसकावला. "काकू, एक विचारू? तू काय काम करतेस?"

"मी? मी काय करणार बाई? काही नाही. घरीच असते."

"आत्ता कुठं आहेस?"

"रानात. लाइट रात्रीचीच असतीय, दारं धरलंय. तुझे काका पडल्यात गुडघा धरून. थांब जरा, सरी भरली, पाणी वळवून आले." चिखलात पाय ओढल्याचा आवाज आला, फावड्याचे दोन घाव ऐकू आले. "हां, बोल. काय म्हणत होतीस?"

मुक्तानं फोन पेंढीवर ठेवला. रेकॉर्डिंग सुरू केलं. याकुबूंना मराठी येत नव्हतं, पण फावड्याचा आवाज कोणालाही कळतो. ते फोनकडं झुकले.

"काकू," मुक्ता म्हणाली, "काल काय केलंस?"

"काल कुठं काय? काल भुईमूग खुरपला. घरच्यापुरताच आहे गं, दोन सऱ्या."

"मग?"

वहिनी बोलत राहिली. आम्ही पाला निवडत राहिलो. शेवटची काडी संपली तरी मला कोणी ऊठ म्हटलं नाही, कारण मी तिथं आहे हेच कोणाच्या लक्षात नव्हतं.

बार्शी

शनिवारचं जेवण झालं. पाला जरा जास्तच झाला होता, प्रोफेसरांनी दोनदा घेतला. मूठभर बी याकुबूंनी रुमालात बांधून ठेवलं. हिवाळ्यात मुक्ता त्यांच्या बहिणीकडं राहून आली. बहिणीनं म्हणे सगळ्यात आधी मुक्ताला हेच विचारलं की, ते तण उपटणारे तुझेच वडील ना?

इकडं दर रविवारी मुक्ताचा फोन येतो. आमच्याशी पाच मिनिटं. "बरे आहात ना? आई बरी आहे ना? ठेवते हां, काकूला लावायचाय." मग वहिनीशी तासभर. महेश म्हणतो, आईनं आता फोनचं कानात घालायचं यंत्र घेतलंय, म्हणजे खुरपताना दोन्ही हात मोकळे राहतात. दिवाळीला गावी गेलो तेव्हा जेवणानंतर पानं वाटली आणि सगळ्यांनी कोणाला बोलायला बसवलं? वहिनीला. मी माझी सुपारी कातरत बसलो. सुनंदानं खांद्यावर हात ठेवला.

परवा याकुबूंचा व्हिडिओवर फोन आला. मागं बर्फ दिसत होतं. चेहरा उतरलेला.

"ब्रदर," ते म्हणाले, "मुक्ता आता माझ्याकडं पूर्वीसारखी येत नाही. आली तरी तिचं एकच, काकू म्हणाली, काकूनं सांगितलं. माझी टोपीची गोष्ट अर्धी राहिली परवा. तुझी ती काकू एवढं करते तरी काय?"

"काही नाही," मी म्हणालो. "घरीच असते."